तात्पुरतं की कायम

बाई जिना चढू लागल्या की त्यांच्या आधी त्यांचं बोलणं वर पोचायचं. पहिल्या पायरीवर एखादं वाक्य सुरू व्हायचं, बहुतेक वेळा कोणाच्या तरी विरुद्ध, आणि ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन संपायचं. मधे श्वासासाठी थांबणं नाही, कठडा धरणं नाही. सुरुवातीला मला वाटायचं की त्या फोनवर बोलत आहेत. नंतर कळलं की ही त्यांची स्वतःची तपासणी आहे. ज्या दिवशी वाक्य जिन्याच्या वळणावर तुटेल, त्या दिवशी आपलं कुठेतरी चुकलं असं समजायचं.

"दवाखान्यातला काटा तुले वजन सांगते," त्या म्हणायच्या. "दम किती उरला ते नाही सांगत."

लाखांदूरच्या एका लहानशा इंग्लिश मिडियम शाळेत मला नोकरी मिळाली आणि राहायला बाईंची वरची खोली मिळाली. बाई तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. घरात एकट्या. लग्न केलं नव्हतं की करून मोडलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना "काकू" म्हटलं.

"मी कोणाची काकू नाही. बाई म्हण. शिकली कुठं?"

"तुमसरला. कॉन्व्हेंटमध्ये."

"घर?"

"सिहोऱ्याला."

"म्हंजे धानाच्या बांधावरून इंग्लिश शाळेत. बरं. भाड्यात संध्याकाळचं जेवण आहे. दिवस बुडायच्या आत. अंधार पडला की चूल बंद. पटते का?"

मी मान हलवली. मला तेव्हा मान हलवणं हेच बोलण्यापेक्षा सोपं वाटायचं. मराठीत चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की मधेच इंग्रजी शब्द यायचा आणि समोरचा माणूस हसेल असं वाटायचं. बाईंनी त्या दिवसापासून माझं नाव "इंग्लिश मिडियम" ठेवलं. "ओ इंग्लिश मिडियम, नळ आला." "इंग्लिश मिडियम, चप्पल उन्हात काहून टाकली?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं. भाड्याच्या पावतीवर त्या ते अगदी वळणदार अक्षरात लिहायच्या.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बाई बारीक नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मी त्यांच्याबद्दल बोलू लागले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी काटक, सडसडीत म्हातारी येते. बाई रुंद होत्या. खुर्चीत बसल्या की खुर्ची दिसायची नाही. फार वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली, डॉक्टरांनी घाबरवलं, कचेरीतल्या लोकांनी कारल्याच्या रसापासून कुठल्याशा झाडपाल्यापर्यंत सगळं सुचवलं. बाईंनी त्यातलं काही केलं नाही. त्यांनी दोन-तीन साध्या सवयी धरल्या आणि त्या सोडल्या नाहीत. वजन थोडं उतरलं, मग तिथेच थांबलं. शुगर आटोक्यात राहिली. धानाचं पोतं त्या अजूनही एका बाजूने उचलून सरकवायच्या, आणि दुसऱ्या बाजूला मी असले तर माझ्या बाजूचंही त्याच सरकवायच्या.

जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांच्याकडे दोनच प्रकार होते. एक तात्पुरतं, दुसरं कायम. हे कचेरीतून आलेलं. त्या स्वतः आधी रोजंदारीवर होत्या, मग तात्पुरत्या, आणि कायम व्हायला त्यांची अर्धी उमर गेली, असं त्या सांगायच्या. छपरावरची ताडपत्री तात्पुरती. शेजारच्या मास्तरांनी नव्या वर्षात सुरू केलेलं धावणं तात्पुरतं. "पाह्यजो, संक्रांतीलोक टिकते का." संक्रांतीपर्यंत काही नाही टिकलं. सकाळची कडुलिंबाची काडी कायम. दुपारी जेवून लवंडायचं नाही, हे कायम. कोणी काही नवीन सांगितलं की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हे तात्पुरतं की कायम?" आणि उत्तर "तात्पुरतं" आलं की त्यांचा त्यातला रस तिथेच संपायचा.

दिवस बुडायच्या आत जेवण, हा नियम कोणासाठी मोडत नसे. एकदा त्यांचा सख्खा भाचा नागपूरहून मिठाईचा डबा घेऊन आला. येईपर्यंत अंधार पडला होता. बाईंनी त्याला पाणी दिलं, अंथरूण घातलं, आणि डबा फडताळात ठेवून वर कुलूप लावलं.

"मावशी, मी उपाशी आहो ना बाप्पा!"

"रस्त्यात साकोली नव्हती लागली का? तिथं खायचं होतं. सकाळी उठ, दोघं मिळून खाऊ."

भाचा चौकात जाऊन भजी खाऊन आला. सकाळी बाईंनी खरोखरच डबा उघडला, त्याला चार पेढे दिले, स्वतः एक घेतला, आणि तो एक पेढा इतका वेळ लावून खाल्ला की भाच्याची बस चुकायची वेळ आली.

लग्नाच्या पंगतीत त्या स्वतःची वाटी घेऊन जायच्या. पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली, स्टीलची लहान वाटी. आमच्याकडे पंगतीत भात वाढणारा माणूस तुमच्याकडे बघत नाही, तो पत्रावळीकडे बघतो, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत वाढतो. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. बाई पत्रावळीवर वाटी ठेवायच्या. "यात टाक. भरली की झालं." वाढपी आधी हसायचे, मग सवयीचे झाले. मी त्यांच्यासोबत पहिल्यांदा पंगतीला बसले तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. सगळे बघत होते. बाईंना काही वाटत नव्हतं. त्या आधी भाजी संपवायच्या, मग डाळ, आणि भात शेवटी, चवीने, एक एक घास.

आणि ती सायकल. बाई रोज पहाटे आणि जेवणानंतर फिरायला निघायच्या, सोबत सायकल. पण सायकलवर बसायच्या नाहीत. हातात धरून चालायच्या, पार गावाबाहेरच्या धानाच्या बांध्या लागेपर्यंत, आणि तशाच परत. वाटेत कोणीही विचारायचं, "बाई, पंचर का?" बाई म्हणायच्या, "हाव, पंचर." वर्षानुवर्षं. चौकातल्या पंक्चरवाल्याने एकदा न राहवून सायकल त्यांच्या हातातून ओढून घेतली, ट्यूब काढली, पाण्यात बुडवून बघितली.

"बाई, पंचर कुठीच नाही."

"मले माहीत आहे. हवा भर अन् चूप राह्य."

मी त्यांना एकदा कारण विचारलं. त्यांनी उत्तर लगेच दिलं, जणू कोणी विचारायची वाटच बघत होत्या. "बाई माणूस नुसतं चालून राहिलं की लोकाईले शंभर प्रश्न पडते. कुठं चालली, कायले चालली, घरी भांडण झालं का. सायकल सोबत असली की एकच प्रश्न. अन् त्याचं उत्तर सोपं आहे."

मी हसले. पण रस्त्यावर एकटीने चालताना अंगावर फिरणाऱ्या नजरा मला चांगल्या माहीत होत्या. इतका साधा उपाय माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

आता माझं सांगते. मी लहानपणापासून भरलेली. आमच्याकडे त्याला "खात्यापित्या घरची" म्हणतात, आणि मुलगी लग्नाला आली की हेच शब्द हळू आवाजात बोलले जातात. त्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलगा नागपूरला इंजिनिअर. फोटो बघून त्याच्या घरच्यांनी कळवलं, "पोरगी चांगली आहे, थोडी जास्त भरलेली वाटते. मंडईले येतो, तवा पाहू."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरणारी जत्रा. दिवसा दुकानं, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्यांना सहज आल्यासारखं मुलगी बघता येते. मुलीकडच्यांना सहज घडल्यासारखं दाखवता येते. आईचा रोज फोन यायचा. "मंडईलोक कमी कर वं थोडं. पंधरावीस दिवसात होते म्हणतात आजकाल." तिने तर शिंप्याकडे माझा नवा ड्रेस टाकला, आणि जुन्या मापातून दोन इंच कमी सांगितले. "तोवर होशील."

मी शाळेतल्या एका सहकारी ताईंबरोबर गावातल्या एका वजन उतरवायच्या क्लबमध्ये गेले. सकाळी तिथे बायका जमायच्या, मोठ्या ग्लासातून चॉकलेटच्या वासाचं काहीतरी प्यायच्या, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो लावलेले. मला एक डबा मिळाला. सकाळी एक ग्लास, रात्री एक ग्लास. भात पूर्ण बंद. मी कोणाला काही विचारलं नाही. विचारणं मला जमत नव्हतं, आणि करून दाखवणं मात्र जमेल असं वाटत होतं.

अडचण बाईंच्या जेवणाची होती. कोणासमोर जेवायची मला लाज वाटायची, म्हणून मी पहिल्यापासून ताट वर घेऊन जायची. आता त्या ताटातला भात खायचा नव्हता आणि परतही पाठवायचा नव्हता. बाईंच्या घरात अन्न परत आलं की चौकशी बसायची. मागच्या अंगणात त्यांच्या कोंबड्या होत्या. पहाटे बाई फिरायला गेल्या की मी रात्रीचा भात खाली नेऊन कोंबड्यांना घालू लागले. त्या मला बघितलं की धावत यायच्या. त्या काळात माझ्यावर इतकं प्रेम कोणीच करत नव्हतं.

वजन भराभर उतरलं. आई फोनवर खूश. क्लबमधल्या ताईंनी माझाही फोटो काढला. फक्त कंगव्यात केस जास्त येऊ लागले, भर उन्हात बोटं गार पडायची, आणि वर्गात मुलांनी बाक सरकवला तरी मला रडू यायचं. एकदा फळ्यावर पानाची आकृती काढताना हात इतका थरथरला की मी खडू खाली ठेवून मुलांना वाचायला सांगितलं.

इकडे कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं.

बाईंनी रीतसर चौकशी सुरू केली. आधी मुंगसावर संशय घेतला. मग शेजारच्या मास्तरांवर. मास्तर म्हणाले, "बाई, मी शाकाहारी आहो." बाई म्हणाल्या, "तू आहेस. तुझे पाहुणे नाहीत." शेवटी त्यांनी जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाला घरी बोलावलं. मी जिन्यात उभी होते. त्याने एक कोंबडी उचलली, हातात तोलली, पोट दाबलं, आणि म्हणाला, "बाई, चरबी चढली ना हिले. अंडं कुठून देईन? खायले काय टाकता?"

"कणी. मूठभर."

"नाही बा. या तर भात खाऊन राहिल्या. अन् बख्खळ."

बाईंनी मान वर केली आणि माझ्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत मी नव्हते. मी जिन्यात होते आणि त्यांना दिसत होते. पण त्यांनी बघितलं खिडकीकडे. मला वाटतं, त्यांनी मला तेवढी सवड दिली.

त्या संध्याकाळी बाई वर आल्या तेव्हा त्यांचं वाक्य आधी आलं नाही. नुसती पावलं आली. मला जास्त भीती त्याचीच वाटली. त्या खुर्चीत बसल्या, टेबलावरचा डबा उचलला, चष्मा सारखा करून त्याच्यावरचं सगळं वाचलं. कचेरीत अर्ज वाचावा तसं, खालच्या बारीक अक्षरांसकट.

"हे काय होय?"

"प्रोटीन शेक आहे, बाई. वजन कमी करायला."

"कोणाचं? कोंबड्याईचं तर वाढलं."

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. बाईंनी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही.

"तात्पुरतं की कायम?"

"मंडईपर्यंत."

"अन् मंडई झाल्यावर?"

"मग नॉर्मल जेवीन."

"नॉर्मल म्हंजे? जसं जेवून तुले हे वजन झालं, तसंच ना?"

मी टेबलावरचा ग्लास मागे सरकवला.

"हा डबा सासरी नेशील? लेकरू पोटात असन तवा पिशील? माझ्या उमरीची होशील तवा?" त्यांनी झाकण उघडलं, बोटावर थोडी पावडर घेऊन चाखली. "गोड आहे. वाईट नाही. पण मले असं सांग, जे मंडईच्या दुसऱ्या दिवशी सोडायचं आहे, ते आज कायले सुरू करायचं?"

मी झाकण लावून डबा टेबलाखाली ठेवला.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. स्थळ, फोटो, ड्रेस, आईचे फोन. लाखांदूरला आल्यापासून मी इतकं कोणाशी बोलले नव्हते. बाई उठल्या. मला वाटलं आता उपदेश होईल. त्या फक्त म्हणाल्या, "उद्यापासून ताट वर नाही येणार. खाली ये. उपाशी राहून कमी करायचं नाही. एका वेळी एक सवय धरायची. ती कायम झाली की दुसरी."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. बाईंनी दोन पाट मांडले होते, पण त्यांचा पाट भिंतीकडे तोंड करून होता. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि जेवू लागल्या.

"बाई, तुम्ही तिकडे तोंड करून का बसलात?"

"तुले कोणी पाह्यलं की घास उतरत नाही. मले समजत नाही का? जेव तू."

किती तरी दिवस आम्ही तशाच जेवलो. मी त्यांच्या पाठीशी बोलायची. पाठीशी बोलणं फार सोपं असतं. माझं मराठी त्यांच्या पाठीसमोर सुधारलं असं म्हणायला हरकत नाही. मग एक दिवस त्यांचा पाट माझ्याकडे वळलेला होता, आणि हे मला अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं.

भात त्यांनी सोडू दिला नाही. "भातावर कायले रुसली? धानाच्या मुलखात राहून भात सोडशील, तर एक दिवस असा तुटून पडशील त्याच्यावर, की पातेलं पुरणार नाही." आधी भाजी, भरपूर. मग लाखोळीची डाळ. मग वाटीभर भात. हे अंगवळणी पडल्यावर सकाळचं चालणं आलं. बाईंनी माझ्यासाठी भाच्याची जुनी सायकल काढली, आणि आम्ही दोघी दोन धडधाकट सायकली हातात धरून धुक्यातून चालू लागलो. "बाई, दोन्ही पंचर?" "हाव ना गा, रस्ताच तसा आहे." पहिल्यांदा मला लाज वाटली. पुढे मीच पंक्चर असल्याचं सांगू लागले.

क्लबमध्ये जाणं मी बंद केलं. उतरलेलं वजन थोडं परत आलं, आणि मी घाबरून बाईंना सांगितलं. "येऊ दे," त्या म्हणाल्या. "उपासमारीनं गेलं होतं ते. जेवल्यावर येणारच. आता जे जाईन ते हळूहळू जाईन. नाही गेलं तर तू धडधाकट तर राहशील." हात थरथरणं थांबलं. कोंबड्याही पुन्हा अंडी देऊ लागल्या, आणि बाईंनी मास्तरांची माफी मागण्याऐवजी त्यांच्या पाहुण्यांसाठी अंडी पाठवली.

पण मंडई जवळ येत होती आणि आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती तिकडे समजून होती की मी अजून उतरते आहे. मी फोनवर "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवला की गच्चीत येरझारा घालायची. बाईंना ते दिसत असणार, कारण दिवाळीत मी घरी निघाले तेव्हा त्या स्वतःची पिशवी भरून ओट्यावर बसल्या होत्या.

"सिहोऱ्याची मंडई पाह्यची आहे मले. बोलवत नाहीस तर मीच येतो."

बस बदलत बदलत आम्ही जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलो. आईने दारात मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. पाहुणी समोर असल्यामुळे तिने आधी पाणी आणून दिलं. ड्रेस अर्थातच चढला नाही. बाईंनी तो उलटा करून शिवण बघितली. "तुमच्या शिंप्याले अक्कल आहे. आत दोन्हीकडून दाब सोडला त्यानं. तुमचं ऐकून घेतलं अन् केलं स्वतःच्या मनचं." ब्लेडने त्यांनी शिवण उसवली, आत दाबलेलं जादा कापड मोकळं केलं, आणि आईच्या मशीनवर बसून पुन्हा टीप मारली. आई शेजारी उभी राहून दोरा देत होती.

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, आणि त्याची आत्या. बाहेर मंडईचे भोंगे वाजत होते. मी पोहे घेऊन गेले आणि बसले. आत्या बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फोटोतल्यापेक्षा वेगळी वाटते नाही का?"

आई लगेच म्हणाली, "डाएटवर आहे ती सध्या. लग्नालोक होऊन जाईल ना बारीक."

पप्पा खाली बघत होते. मी बाईंकडे बघितलं. आयुष्यात स्वतःचं एकही वाक्य अर्धं न सोडणारी ही बाई आता बोलेल, असं मला वाटलं. बाई पोह्यातला सांबार बाजूला करत होत्या. कोथिंबीर त्यांना आवडायची, तरी बाजूला करत होत्या. त्या बोलणार नव्हत्या.

"मी डाएटवर नाही," मी म्हणाले.

"काय?" आत्या म्हणाल्या.

"डाएट होतं, ते सोडलं. माझी तब्येत बिघडली होती. आता मी वेळेवर जेवते, रोज चालते. त्याने वजन हळूहळू कमी होतं. लग्नापर्यंत किती होईल, मला माहीत नाही. कदाचित अशीच राहीन. मम्मीला मी हे आधी सांगायला पाहिजे होतं."

आत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाने पहिल्यांदा मोबाईलवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं, आणि माझा समज आहे की त्या बघण्यात वाईट काही नव्हतं. पाहुणे चहा घेऊन, मंडईत फिरायचं आहे म्हणून उठले. आई स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांच्या आवाजावरून मला तिचं सगळं म्हणणं ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "आवाज जरासा मोठा पाह्यजे होता. मागं बसलेल्याईले ऐकू नसन आलं."

आमच्या त्या खोलीत मागे कोणीच बसलं नव्हतं.

नकार आला. सरळ नाही, "पुढच्या वर्षी पाहू" असा आला. आई माझ्याशी फोनवर जेवली का, झोपली का, एवढंच बोलायची. आणि मग थंडीत एके दिवशी कळवल्याशिवाय लाखांदूरला आली. भांडायला आली होती, हे तिच्या पदर खोचण्यावरून कळत होतं. माझ्याशी नाही, बाईंशी.

"तुम्ही माह्या पोरीले काय शिकवून राहिले? हातचं स्थळ गेलं."

बाई म्हणाल्या, "जेवून घ्या. दिवस बुडून राहिला. मग भांडू."

आई जेवली. आमच्या घरी आई सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, उभ्याने खाते. इथे तिला पाटावर बसवून बाईंनी वाढलं. मी समोर बसून जेवत होते, घाई न करता, आणि आई माझ्याकडे बघत होती. मी कोणासमोर अशी जेवते हे तिने फार वर्षांत बघितलं नव्हतं. जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता चला, चालता चालता भांडू. बसून भांडलं की मले झोप येते."

दोघी गेल्या. मी गच्चीवरून बघत होते. जाताना आई हात हलवून बोलत होती. परत आल्या तेव्हाही आईच बोलत होती, पण आता स्वतःच्या गुडघ्यांबद्दल, पप्पांच्या शुगरबद्दल, आणि लग्नाआधी तिच्या सासूने तिला "काडी" म्हणून नाक मुरडलं होतं त्याबद्दल. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बारीक असूनही तिला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. आई दोन दिवसांसाठी आली होती, आठवडाभर राहिली.

आता मी मोहाडीला असते, दुसऱ्या शाळेत. थोडं वजन उतरलं, मग थांबलं. कोणी विचारतं, "काय केलं गं?" मी सांगू लागते, आणि दोन मिनिटांत त्यांचा रस जातो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. वेळेवर जेवणं आणि चालणं, याचे आधीचे आणि नंतरचे फोटो निघत नाहीत. बाईंचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी त्यालाही तात्पुरतं म्हटलं असतं. मी रोज वेळेवर जेवते. माझ्या परीने तेच आभार.

आई परत जायला निघाली तो दिवस मला नेहमी आठवतो. लाखांदूरच्या स्टँडवर बस लागली होती. आई खिडकीशी बसली, मी खाली उभी. ती बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा तिने खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला.

"पुढच्या पाहुण्याईले मी काही नाही सांगणार," ती म्हणाली. "तूच सांगजो."